हमीद, तुझे कान शाबूत होते

हमीद,

तुला माती देऊन आलो त्याला आज एकोणीस दिवस झाले. असरच्या, दुपारच्या नमाजनंतर तुझ्या जनाज्याला मीही खांदा दिला. तीन मुठी माती मीही टाकली. घरी येऊन हात धुताना वाटलं, आता संपलं. आता ते कुणाला सांगायची गरज उरली नाही.

मग गेल्या रविवारी तुझी शोकसभा झाली. कार्यकर्त्यांना फलकावर लावायला तुझा स्टेजवरचा फोटो हवा होता. माझ्याकडं पिशवीभर फोटो निघाले आणि सगळ्यांत तुझी पाठ. तीस वर्षं तू लोकांकडं पाठ करून उभा राहिलास, दुसरं काय निघणार? शेवटी तुझ्या लेकीच्या, नसरीनच्या लग्नातला, हार घातलेला फोटो लावला. त्यात तू कुणाच्या तरी जागेवर चुकून उभा राहिल्यासारखा दिसतोस.

सभेत एक तरुण गायक बोलला. चांगला मुलगा आहे, मनापासून बोलला. म्हणाला, "मास्तरांचे कान त्यांना सोडून गेले, पण मास्तरांनी संगीत सोडलं नाही." सभागृहात चुकचुकाट झाला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. पुढचं नाव माझं होतं. मी दहा मिनिटं बोललो. आपल्या दौऱ्यांचे किस्से सांगितले, लोकांना हसवलं, शेवटी आवाज जरा खाली आणून रडवलंही. तुझ्या कानांबद्दलचं ते वाक्य मात्र तसंच राहू दिलं.

माईक हातात आला की माझ्याच्यानं खरं बोलवत नाही, हमीद. म्हणून लिहितो आहे.

ज्यांना तू ठाऊक नाहीस त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की आपल्या शहरात सिनेमाच्या गाण्यांचा एक ऑर्केस्ट्रा होता. हमीद मास्तर त्याचे कंडक्टर होते आणि मी, दिगंबर पाटील, निवेदक. वादक बारा, गायक चार. गणपतीत, उरुसात, कारखान्यांच्या वर्धापनदिनाला, जालना-बीड-परभणीपर्यंत आम्ही जात असू. दिवसा मी कचेरीत फायली बांधायचो आणि तू शहागंजात वडलांच्या दुकानात पेट्या दुरुस्त करायचास.

त्याच दुकानात आपली गाठ पडली. आमच्या गणेश मंडळाची पेटी घेऊन मी आलो होतो. तू मान वर न करता म्हणालास, "छोड के जाव. एक सूर बैठा हुआ है."

"तुम्ही वाजवून तर बघा," मी म्हणालो.

"आणताना पायरीला लागली ना? तेव्हाच वाजली ती."

खरंच लागली होती. तू पेटी उघडलीस, पितळी पातीवर अलगद कानस फिरवलीस, कान जवळ नेलास, पुन्हा फिरवलीस. मग पहिल्यांदा माझ्याकडं बघून म्हणालास, "पेटी झाली. आता आपका गला बचा. बोलता का कुठं स्टेजवर? आवाज चांगला आहे, पण लई फेकता."

तुझे आजोबा निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये होते. सुरांचं पाच रेघांचं इंग्रजी लिखाण त्यांच्यामुळं तुमच्या घरात आलं. तुझ्या वडलांनी ते लग्नाच्या बँडमध्ये चालवलं आणि तू आपल्या ऑर्केस्ट्रात आणलंस. पण आपल्या वादकांपैकी ते वाचता येणारा एकटा छावणीतल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा जॉर्ज. म्हणून तू गाणं ऐकून प्रत्येकासाठी वेगळी चिठ्ठी लिहायचास. जॉर्जला पाच रेघांत, व्हायोलिनवाल्या कुलकर्णींना देवनागरीत सारेगम, ट्रम्पेटवाल्या दोघा भावांना उर्दूत, उजवीकडून डावीकडं. एका गाण्याच्या बारा चिठ्ठ्या, तीन लिपींत, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर. एकदा वाऱ्यानं सगळ्या उडाल्या तेव्हा सारंगपुऱ्याच्या त्या मैदानात आपण तिघं-चौघं चिठ्ठ्या गोळा करत होतो आणि तू ओरडत होतास, "उलटी मत पकडो रे, वरना गाना मगरिब से शुरू होगा." मगरिब म्हणजे पश्चिम.

मुकुंदवाडीत पिठाच्या गिरणीमागं एक रिकामी खोली होती, तिथं आपली तालीम चाले. गिरणी सुरू झाली की कुलकर्णी वैतागायचे. तू म्हणायचास, "वाजू द्या. पांढरी चारमध्ये आहे ती. आपण पण पांढरी चारमध्येच घेऊ." गाणं ज्या सुरावरून गायचं त्याला आपण पट्टी म्हणतो, पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून. एवढं वाचकांनी लक्षात ठेवावं. माझा गुन्हा पट्टीचाच आहे.

तुझ्या हातात छडी कधीच नसायची, पेन्सिल असायची. डावी भुवई उचललीस की ट्रम्पेट, मान तिरकी केलीस की व्हायोलिन. ढोलकवाल्या बाबूरावांकडं तू बघायचासच नाहीस. ते बघितलं की जोरात वाजवतात म्हणून. आणि मी बोलत असलो की तुझा उजवा हात कमरेच्या मागं, तर्जनी ताठ. ती खूण माझ्यासाठी होती. तर्जनी वाकली की दोन वाक्यं उरली. मूठ वळली की क्रियापद टाकायचं आणि थांबायचं, कारण त्या क्रियापदावरच तुझा हात वर जाणार. मी कितीतरी वर्षं लोकांकडं तोंड करून बोललो, पण एक डोळा तुझ्या त्या बोटावर ठेवून. लोक म्हणायचे, पाटलांचं बोलणं संपतं कुठं आणि गाणं सुरू होतं कुठं तेच कळत नाही. ती शाबासकी मी एकट्यानं घेतली. ती अर्ध्याहून जास्त तुझी होती.

तालमीत तू एकच कडक नियम ठेवला होतास. कार्यक्रमाच्या दिवशी गायकाचा गळा बसला, पट्टी खाली-वर करायची झाली, तर ते आधी तुझ्या कानावर घालायचं. परस्पर कुणाला सांगायचं नाही. गायकांच्या खोलीतून निरोप आणायचं काम माझं होतं. मी तुला सांगायचो, तू बाराजणांना. "डाकिया तू आहेस," तू म्हणायचास, "पोस्टमास्तर मी. खत रस्त्यात वाटायचं नाही."

मग कीबोर्ड आला. त्यावरून आपण किती भांडलो. माझं म्हणणं होतं, चार व्हायोलिनचं काम एक माणूस करतो, गाडीत जागा होते, जमाना बदलला. तुझं म्हणणं एवढंच, "त्याला दम लागत नाही. ज्याला दम लागत नाही, तो गाण्यात काय करतो?" मी तुला जुनाट म्हणालो. तू मला चार दिवस दिगंबरराव म्हणालास. राग आला की तू मला दिगंबरराव करायचास, एरवी दिग्या. शेवटी दोन व्हायोलिन ठेवायचे आणि एक कीबोर्ड घ्यायचा असं ठरलं. तो वाद आपण अर्धाच सोडला. आज तू समोर असतास तर मी हरलो म्हणून सांगितलं असतं.

त्या कीबोर्डला एक बटण होतं. ते दाबलं की बोटं तिथंच राहतात आणि पट्टी आपोआप बदलते. बाकीच्यांना मात्र सगळी बोटं बदलावी लागतात.

आता तो दिवस.

शहरातलं मोठं नाट्यगृह, संध्याकाळचा कार्यक्रम, हाऊसफुल्ल. एक आयोजक वर्षभराचे कार्यक्रम आपल्याला द्यायच्या विचारात होते आणि बघायला आले होते. पहिल्या रांगेत ते, आणि त्यांच्या शेजारी पुण्याचा एक तरुण निवेदक. त्याला कशाला आणलंय हे मला न सांगता कळलं. माझं सगळं लक्ष त्या खुर्चीवर होतं.

मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं आपल्या गायिका शोभाताईंचं. त्या मला खोलीत म्हणाल्या, "पाटील, गळा ओढतोय हो. काळी चार नाही झेपणार आज. काळी तीन घ्या म्हणावं." मी हो म्हणून निघालो. वाटेत पहिल्यांदा संदीप भेटला, कीबोर्डवाला, नुकताच लागलेला. त्याला म्हणालो, "काळी तीन बरं का." त्यानं बटण दाबलं. तुझ्याकडं यायला निघालो तेवढ्यात कुणीतरी म्हणालं की आयोजक पुण्याच्या त्या माणसाला घेऊन मागं येताहेत. मी तिकडं धावलो. हात जोडले, हसलो, चहा सांगितला. पडदा उघडायची घंटा झाली आणि मी माईक घेऊन थेट स्टेजवर गेलो. तुझी तर्जनी वाकली, मूठ वळली, मी क्रियापद टाकलं.

कीबोर्ड काळी तीनमध्ये सुरू झाला आणि उरलेले सगळे काळी चारमध्ये. ज्यांनी असं कधी ऐकलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. भांड्यांचं कपाट जिन्यावरून पडावं तसं झालं. शोभाताई तोंड उघडून तशाच उभ्या. मागच्या रांगांतून शिट्ट्या आल्या.

तू तिसऱ्या मात्रेला हात खाली आणलास. सगळे थांबले. कागदाकडं बघितलं नाहीस, कुणाला वाजवून दाखव म्हणाला नाहीस. फक्त म्हणालास, "संदीप, काळी तीन कोन बोला?"

लोकहो, बारा वाद्यांच्या त्या गोंधळात कोणतं वाद्य कोणत्या पट्टीत आहे हे ज्या माणसानं तीन मात्रांत ओळखलं, त्याला तुम्ही पुढं बहिरा म्हणालात. आणि तुम्हाला ते मी शिकवलं.

संदीपनं माझ्याकडं बोट केलं. तू माझ्याकडं बघितलंस. तुझ्या नजरेत राग नव्हता. माझ्या उत्तराची वाट बघत होतास एवढंच. माझ्या हातात चालू माईक होता आणि समोर ती खुर्ची. मी म्हणालो, "रसिकहो, आमचे मास्तर इतकी वर्षं ट्रम्पेटसमोर उभे आहेत. त्यांच्या कानांनी आज रजेचा अर्ज टाकलाय. मायबाप रसिकांनी मंजूर करावा."

नाट्यगृह हसून लोळलं. टाळ्या पडल्या. पुण्याचा तो माणूसही मान डोलावत हसला.

तू वळलास. लोकांकडं तोंड केलंस, जरा वाकून सलाम केलास. पुन्हा टाळ्या. मग पाठ फिरवून हळूच म्हणालास, "सब काळी तीन." बाकीच्यांनी मनातल्या मनात बोटं बदलली, तुझा हात वर गेला आणि गाणं असं उभं राहिलं की शोभाताईंना वन्समोअर मिळाला.

इथवरचं मी स्वतःला माफ करू शकलो असतो. निवेदकाच्या तोंडून निघून जातं, वेळ मारून न्यायची सवय असते. पण कार्यक्रम संपल्यावर आयोजक मागं आले आणि त्यांनी सरळ विचारलं, "पाटील साहेब, काय झालं होतं नेमकं?" तेव्हा माईक नव्हता. प्रेक्षक नव्हते. विचार करायला वेळ होता. मी म्हणालो, "मी मास्तरांना सांगितलं होतं. त्यांना ऐकू गेलं नाही."

तू तीन हातांवर पाठमोरा उभा होतास, चिठ्ठ्यांची चळत नीट करत. आयोजक तुझ्याकडं वळले. "काय मास्तर?"

"हौ," तू म्हणालास. "नई सुना मैं."

संदीप तोंड उघडणार होता. तू त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालास, "वायर गुंडाळ पहले."

मला वाटलं होतं चार दिवसांत लोक विसरतील. पण हसवलेलं लोक विसरत नाहीत. आठवड्याभरात गुलमंडीवर एकानं मला विचारलं, "मास्तरांना ऐकू येत नाही म्हणे?" मी म्हणालो, "वय झालं आता." आयोजकांनी वर्षभराचे कार्यक्रम दिले, पण कंडक्टर पुण्याहून आणायचं ठरवलं. त्यांनी मला ठेवलं. तू म्हणालास, "बरं झालं, मलाबी जरा आराम." चिठ्ठ्यांची ट्रंक तू स्वतः आणून दिलीस. त्या नव्या माणसाला त्या वाचता आल्या नाहीत. त्यानं सगळं लॅपटॉपमध्ये घातलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ. पण तुझं पोट दुकानावर होतं आणि दुकान कानांवर. एकदा चहाच्या टपरीवर एका भजनी मंडळाचे अध्यक्ष शेजाऱ्याला सांगत होते, "हमीदकडं नका टाकू पेटी. भला माणूस आहे, पर त्याला ऐकूच येत नाय तर सूर काय लावणार?" मी दोन पावलांवर उभा होतो. बशीत चहा ओतला होता. तो प्यालो आणि निघून आलो. दोन वर्षांत तू दुकानाला कुलूप लावलंस. शेंद्र्याच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये लागलास, नट-बोल्ट मोजायला.

सकाळी मुकुंदवाडीच्या चौकात कंपनीच्या बसची वाट बघत तू डबा घेऊन उभा असायचास. पुंडलिकनगरहून माझा फिरायला जायचा रस्ता तोच. मी रस्ता बदलावा असं कितीदा वाटलं. तूच हाक मारायचास.

"क्या दिग्या, कालचा प्रोग्राम कसा झाला?"

"ठीक."

"व्हायोलिन होते?"

"नाही. ट्रॅकवर वाजवलं."

"मग ठीक कसा?" असं म्हणून हसायचास. बस आली की दांडा धरून चढायचास, आणि मला वाटायचं, आता हा वळेल आणि विचारेल. तू एकदाही विचारलं नाहीस.

तुझ्या कंपनीतला एकजण दफनविधीला आला होता. तो सांगत होता, "मशीन कुरकुरायला लागलं की आम्ही चाचांना बोलवायचो. ते कुठलं बेअरिंग जाणार ते नुसतं ऐकून सांगायचे." शेंद्र्यात तुझे कान शाबूत होते. इथं शहरात, बारा-पंधरा किलोमीटरवर, तू बहिरा होतास.

सुशीलाच्या आजारपणाचं तर तुला काय सांगू. माझी बायको आठ महिने अंथरुणावर होती. सख्खे भाऊ महिन्यातून एकदा डोकावायचे. तू दर सुट्टीला यायचास, तिच्या उशाशी बसून जुन्या गाण्यांच्या सुरुवातीचे तुकडे गुणगुणायचास आणि ती ओळखायची. आवाज पार खोल गेला होता तिचा, मला दोनदा विचारावं लागायचं. एकदा तू गेल्यावर ती म्हणाली, "अवो, भावजींना तर माझं समदं ऐकू येतं. मी नुसतं पुटपुटले तरी उत्तर देतात. लोक काय बी बोलतात."

मी म्हणालो, "कधी कधी येतं त्यांना."

ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं भिंतीकडं कूस वळवली. तिला कळलं होतं की नाही ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. मरणाऱ्या बायकोशी मी खोटं बोललो, आणि तेही तुझ्याबद्दल, ज्यानं तिला त्या दिवशी हसवलं होतं.

तू दवाखान्यात आहेस कळलं तेव्हा मी ठरवून आलो. रिक्षात वाक्यं पाठ केली. दुपारची वेळ होती. नर्स तुझ्या कानाशी वाकून ओरडत होती, "चाचा, गोळी घ्यायची." तू गुमान तोंड उघडलंस. ती गेल्यावर मला म्हणालास, "दिग्या, हे माझं मशीन आहे ना, टूं टूं करणारं, आणि ते पलीकडच्या बाबाचं, दोघांत अर्ध्या सुराचा फरक आहे. दोन दिवस झाले, डोकं उठलंय. कुणाला सांगू?"

मी हसलो. तूही हसलास. मग मी गणपतीच्या कार्यक्रमांचं बोललो, बाबूरावांच्या गुडघ्याचं बोललो, पावसाचं बोललो. पाठ केलेलं पहिलं वाक्य जिभेवर येऊन दोनदा परत गेलं. तू डोळे मिटून पडला होतास. तसाच म्हणालास, "कुछ बोलना है तो बोल रे. बहिरा नाही मी."

हमीद, तू दार उघडून धरलं होतंस. मला फक्त आत यायचं होतं. मी म्हणालो, "काही नाही, तू आराम कर," आणि तुझ्या पायावरची चादर नीट करून बाहेर पडलो. चौथ्या दिवशी नसरीनचा फोन आला.

तू गप्प का राहिलास, याचा मी इतकी वर्षं विचार करतो आहे. कधी वाटतं तू माझी स्टेजवरची जागा वाचवलीस, कारण तुझ्याकडं दुकान होतं आणि माझ्याकडं माईकशिवाय स्वतःचं असं काही नव्हतं. कधी वाटतं तुला माझी किळस आली आणि बोलायचीही इच्छा राहिली नाही. मग आठवतं, किळस आलेला माणूस आठ महिने कुणाच्या बायकोच्या उशाशी येऊन बसत नाही. मला उत्तर सापडलेलं नाही. ते मी तुझ्या वतीनं बनवणार नाही. तेवढं तरी खोटं टाळतो.

म्हणून नोंद अशी करावी. हमीद मास्तरांना अखेरपर्यंत स्वच्छ ऐकू येत होतं. त्या दिवशीचा निरोप त्यांना कुणी दिलाच नव्हता. तो द्यायचं काम माझं होतं. तो मी विसरलो, लोकांसमोर त्याची थट्टा केली, मग विचार करून खोटं बोललो, आणि ते खोटं अठरा वर्षं सांभाळलं. त्यात एका कंडक्टरचा ऑर्केस्ट्रा गेला आणि एका कारागिराचं दुकान गेलं.

इथवर लिहून झाल्यावर पहिल्यांदा नसरीनला दाखवायचं ठरवलं. काल दुपारी तिची शाळा सुटल्यावर तुमच्या घरी गेलो. तिनं चहा ठेवला, आतूनच मोठ्यानं विचारलं, "चाचा, साखर चालते ना?" तिचं बोलणं मोठ्या आवाजातलं. मला नेहमी वाटायचं, शिक्षिका आहे, वर्गाची सवय.

मी चष्मा लावला आणि वाचायला लागलो. ती समोर तुझ्या खाटेवर बसली होती. खाटेवरची गादी अजून तशीच आहे. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. नाट्यगृहाच्या भागाला मी थांबलो तेव्हा फक्त म्हणाली, "वाचा."

वाचून झालं. ती उठली, कपाटातून एक डबी काढून माझ्यापुढं ठेवली. आत कानात घालायचं यंत्र होतं; तुझ्या कानात ते मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "माझ्या पहिल्या पगारातून आणलं होतं हे, बाजारातून. लोक सांगायचे म्हणून. अब्बा रोज सकाळी कानात घालायचे. मी सेल आणून द्यायचे, ते खिशात टाकायचे." तिनं डबीखालची पिशवी उपडी केली. सेलची पाकिटं होती, एकही फोडलेलं नव्हतं. "गेल्या आठवड्यात निघाली. मला वाटलं, अब्बा विसरत असतील."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं हात वर केला.

"मी त्यांच्याशी अठरा वर्षं ओरडून बोलले, चाचा. बाजारात, लग्नात, दवाखान्यात. माझी पोरंबी नानांशी ओरडूनच बोलली. आणि ते आमच्यासाठी बहिरे राहिले." मग म्हणाली, "हे अब्बांसमोर का नाही वाचलं?"

मी कागदांची घडी घातली.

"अब्बांच्या चाळिसाव्या दिवसाला सगळे वादक येणार आहेत," ती म्हणाली. "तेव्हा वाचा. माईक देणार नाही मी. कागद बघून वाचा, आणि लिहिलंय तेवढंच वाचा."

मी हो म्हणालो. चपला घालून दारापर्यंत आलो. ती मला सोडायला आली नाही, यावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. मागं बघितलं तर ती पुन्हा खाटेवर बसली होती, गादीवर हात ठेवून. तिला वाटलं असेल मी गेलो. तिनं ओठांतल्या ओठांत हाक मारली, "अब्बा."

मी पाच पावलांवर होतो, मलाही ती जेमतेमच ऐकू आली. तुला ऐकू गेली असती.